ओळीतील चाळीस अक्षरे

घरगुती संगणकाचा इतिहास लिहिणारे बहुधा सूक्ष्मप्रक्रियकाचेच गुणगान करतात. ज्या पडद्यावर त्याचे कार्य दिसावयाचे, त्या दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचाकडे त्यांचे फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः प्रारंभीच्या संगणकांच्या ओळीची लांबी ठरविण्यात या संचाचा वाटा मोठा आहे.

1973 साली डॉन लँकेस्टर यांनी अमेरिकेतील ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकात ‘टीव्ही टाइपरायटर’ची रचना मांडली. साध्या संचावर 32 अक्षरांच्या 16 ओळी तीत उमटत. 1977 च्या ॲपल-2 ची ओळ 40 अक्षरांची होती. कचेऱ्यांतील छिद्रपत्रे मात्र 1928 पासूनच 80 स्तंभांची! हा संकोच केवळ स्मृतीच्या महागाईमुळे झाला, हे म्हणणे अपुरे आहे. ॲपल-2 वर एका अक्षराची रुंदी 7 ठिपके असे. त्याच गतीने 40 अक्षरे रेखावयाची तर सुमारे 3.6 मेगाहर्ट्झ पट्टारुंदी लागे. 80 अक्षरांना तिच्या दुप्पट. अमेरिकी प्रक्षेपणपद्धतीत चित्राच्या संकेतास जेमतेम 4.2 मेगाहर्ट्झ मिळत. साहजिकच 80 अक्षरे घरच्या संचावर पुसट होत.

या मर्यादेच्या मोबदल्यात स्वस्ताई मिळाली, हेही नमूद केले पाहिजे. 1980 साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स-80 हा संगणक 100 पौंडांच्या आत विकला गेला, कारण पडदा ग्राहकाच्या घरी होताच. तथापि पत्रव्यवहार व हिशेब यांसाठी ज्यास रुंद ओळ हवी, त्यास स्वतंत्र पडद्याचा खर्च सोसावा लागे. घरचा संगणक आणि कचेरीतला संगणक ही फाळणी काही अंशी येथेच झाली, असे आम्हांस वाटते. 1981 च्या आयबीएम पीसीच्या रंगीत चित्रपत्त्यावरही 80 अक्षरांच्या जोडीने 40 अक्षरांची सोय राखलेली आढळते, ती दूरचित्रवाणी संचासाठीच.