भिंतीमागचा कोतवाल

'घाशीराम कोतवाल' मी पहिल्यांदा पाहिले ते सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात. बालगंधर्वच्या मानाने रंगमंच लहान. त्यावर बारा ब्राह्मण खांद्याला खांदा लावून डोलत उभे राहिले, तेव्हा नेपथ्याची आठवणही झाली नाही. घरी परतताना सोबतचे काका म्हणाले, "नानाने कोतवालाची पोर घेतली, अन् बदल्यात कोतवाली दिली." जणू हा व्यवहार पेशवे दप्तरात नोंदलेला होता! बरीच वर्षे मीही तेच खरे मानून चाललो.

नाटकाचा पाया खरा आहे, यात शंका नाही. घाशीराम सावळदास हा औरंगाबादकडचा गौड ब्राह्मण 1777 पासून पुण्याचा कोतवाल होता. नाटकात तो कनौजचा होतो. रात्रीची गस्त, परगावच्या माणसांची नोंद, तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्यांची धरपकड, असे त्याचे काम. चौदा वर्षे ते त्याच्याकडे राहिले, म्हणजे कारभाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास होता असे मानावे लागते. ऑगस्ट 1791 च्या अखेरीस श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलेले काही तेलंगी ब्राह्मण त्याच्या बागेत शिरले. चोर समजून त्यांना एका कोंदट जागेत डांबण्यात आले. रात्रीत वीसहून अधिक जण गुदमरून मेले. मानाजी फाकड्यांनी कुलूप तोडवले, तेव्हा प्रेते बाहेर आली. ब्राह्मणांचा जमाव नानांच्या दारी गेला आणि 31 ऑगस्टला, धिंड काढून झाल्यावर, घाशीराम दगडांनी ठेचला गेला. हा सारा भाग विजय तेंडुलकरांनी जवळजवळ तसाच ठेवला आहे. मोरोबा कान्होबा विजयकरांचे याच नावाचे पुस्तक 1863 मध्येच निघाले होते, म्हणजे कोतवालाची कथा मराठीत एका शतकाहून अधिक काळ फिरत होती.

भर घातली गेली ती ललितागौरीची. मुलीच्या मोबदल्यात कोतवाली मिळवणारा बाप हा नाटककाराचा. नानांची नऊ लग्ने झाली ही वस्तुस्थिती तिच्याशेजारी ठेवली की प्रेक्षकाला दोन्ही सारखेच खरे वाटू लागते. माझ्या काकांचे तसेच झाले. तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नव्हे, अशी भूमिका घेतली होती. त्यांना रस होता तो सत्ता आपल्या सोयीसाठी माणूस कसा घडवते आणि सोय संपली की कसा टाकते यात. मला ही भूमिका पटते. तरीही एक तक्रार उरते: नावे खरी ठेवल्यावर प्रेक्षकाने इतिहास घरी नेऊ नये, ही अपेक्षा जरा भाबडी नाही का?

अर्थात ही तक्रार मी निवांत बसून करतो आहे. 16 डिसेंबर 1972 ला याच भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला, तेव्हा तक्रार करणाऱ्यांचा सूर फार वेगळा होता. ही वास्तू ज्या संस्थेची, ती 1894 मध्ये 'स्टुडंट्स सोशल क्लब' म्हणून सुरू झालेली. म्हणजे पेठेतल्या नाट्यवेडाचेच हे घर. त्याच घरात नाना फडणवीस लावणीच्या ठेक्यावर लचकले. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्ये आणि नाना म्हणून डॉ. मोहन आगाशे. 19 प्रयोगांनंतर पी.डी.ए.च्या नेतृत्वाने नाटक थांबवले. नानांची आणि ब्राह्मणांची बदनामी, हा आक्षेप होता. कलावंत बाहेर पडले, 1973 मध्ये थिएटर अकादमी उभी राहिली आणि 1974 च्या आरंभी प्रयोग पुन्हा सुरू झाले. 1980 मध्ये मंडळी युरोपला निघाली, तेव्हाही विरोध झालाच.

चंदावरकरांच्या संगीताबद्दल आक्षेपकर्ते फारसे बोलत नसत, याचे मला नेहमी नवल वाटते. खरी जखम तर तिथे आहे. नमन, कीर्तन, अभंग, लावणी, सगळे आपल्या ओळखीचे. हरिनामाचा गजर आणि बावनखणीतली रात्र एकाच तोंडांतून, एकाच भिंतीतून येते. माणसांची ही भिंत वळली की पडदा, सरकली की वाडा, फुटली की जमाव. कोणी काही लपवत असेल तर ते भिंतीपलीकडे, आणि भिंत मात्र गात असते. आपल्याच भक्तिगीतांच्या चालीवर आपण टाळी धरतो, मग लक्षात येते की टाळी कशाला दिली.

आता नाटक पाहताना माझे लक्ष शेवटाकडे असते. कोतवाल ठेचला जातो आणि नाना उत्सवाचा हुकूम देतात. हा उत्सव तेंडुलकरांचा. पण खरे नानाही त्या ऑगस्टनंतर पदावर राहिले; मधला कैदेचा काळ सोडला, तर 1800 मध्ये मृत्यू येईपर्यंत कारभार त्यांच्याच हाती होता.