मन शिकायचं तर कुठल्या कॉलेजात जायचं? गर्ट्रूड स्टाइनची गोष्ट

  

ग्रॅज्युएशनचं शेवटचं वर्ष म्हणजे काय असतं, हे तुमच्यापैकी अनेकांना मी सांगायची गरज नाही. मोबाईलवर दहा टॅब उघडे. घरचे विचारतात, "पुढे काय?" त्यात तुम्हाला माणसाच्या मनात रस असेल, तर गोंधळ दुप्पट. मेडिकलला जाऊन मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं, की एम.ए. करून मानसशास्त्राकडे जायचं? मेंदूवर संशोधन करायचं, की माणसांसमोर बसून त्यांचं ऐकायचं? गंमत म्हणजे हा गोंधळ आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतली एक मुलगी अगदी याच चौकात उभी होती. तिचं नाव गर्ट्रूड स्टाइन.

हे नाव ऐकलं असेल तर ते लेखिका म्हणून. पॅरिस, पिकासो, भिंतीभर चित्रं, वगैरे. ते सगळं नंतरचं. आज आपण त्याआधीची वर्षं बघणार आहोत. कारण ही मुलगी जवळपास डॉक्टर झाली होती.

जन्म १८७४ चा, पेनसिल्व्हेनियातल्या अॅलेघेनीचा. बालपण बरंचसं कॅलिफोर्नियात, ओकलंडला. चौदाव्या वर्षी आई गेली, सतराव्या वर्षी वडील. थोरला भाऊ लिओ हार्वर्डला शिकायला गेला, म्हणून १८९३ मध्ये तीही त्याच्या मागोमाग गेली. पण हार्वर्ड मुलींना थेट घेत नव्हतं. मुलींसाठी शेजारी एक वेगळी सोय होती, तिला 'हार्वर्ड अॅनेक्स' म्हणत. मास्तर हार्वर्डचेच, पण कॉलेज वेगळं. पुढच्याच वर्षी त्याचं रॅडक्लिफ कॉलेज झालं.

तिथं तिला भेटले विल्यम जेम्स.

आता या सरांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण 'पुढे काय' या प्रश्नावर एवढा भटकलेला माणूस शोधून सापडणार नाही. आधी चित्रकार व्हायचं होतं. ते सोडून १८६१ मध्ये हार्वर्डला रसायनशास्त्र. मग १८६४ मध्ये मेडिकल. मध्येच लुई अॅगासिझ या निसर्गशास्त्रज्ञाबरोबर अॅमेझॉनच्या मोहिमेवर गेले आणि तिथं देवीसारख्या तापानं आडवे झाले. मग पाठदुखी, डोळ्यांचा त्रास, जर्मनीत उपचार आणि वाचन. १८६९ मध्ये एम.डी. हातात पडली, पण डॉक्टरकी त्यांनी एक दिवसही केली नाही. उलट पदवी मिळाल्यावरच ते खोल निराशेत गेले. त्यांना छळणारा प्रश्न असा होता: माणूस म्हणजे नुसतं शरीराचं यंत्र असेल, तर मी काही ठरवतो या म्हणण्याला अर्थ काय? १८७० च्या एप्रिलमध्ये त्यांनी डायरीत नोंद केली की आपल्या मुक्त इच्छेचा पहिला वापर म्हणून आपण मुक्त इच्छेवरच विश्वास ठेवायचा. तिथून गाडी हळूहळू रुळावर आली. १८७३ पासून ते हार्वर्डमध्ये शरीरशास्त्र शिकवायला लागले, १८७५ मध्ये मानसशास्त्र. त्यांनी मानसशास्त्रावरचं पुस्तक दोन वर्षांत लिहून देतो असं प्रकाशकाला कबूल केलं होतं. लागली बारा. ते १८९० मध्ये आलं. 'जाणिवेचा प्रवाह' ही कल्पना त्यातूनच सगळीकडे पोचली.

तर अशा माणसाच्या वर्गात आपली गर्ट्रूड जाऊन बसली. १८९२ मध्ये जेम्सनी जर्मनीहून ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांना बोलावून प्रयोगशाळा त्यांच्याकडे सोपवली होती. तिथं ती आणि लिऑन सॉलोमन्स नावाचा विद्यार्थी यांनी प्रयोग सुरू केले. प्रयोग ऐका. एकीकडे गोष्ट वाचायची, लक्ष पूर्ण गोष्टीत, आणि त्याच वेळी हातात पेन्सिल. हात आपोआप काही लिहितो का, आणि लिहिलेलं आपल्याला कळतं का, हे तपासायचं. प्रयोग करणारे तेच दोघं आणि ज्यांच्यावर प्रयोग होतोय तेही तेच दोघं!

हे पोरखेळ वाटेल, पण नाही. त्या काळात 'हिस्टेरिया' झालेल्या रुग्णांमध्ये दुसरं व्यक्तिमत्त्व दडलेलं असतं, अशी मोठी चर्चा होती. या दोघांचा सवाल साधा होता: रुग्ण जे करतात, ते धडधाकट माणूस नुसतं लक्ष दुसरीकडे वळवून करू शकतो का? त्यांचं उत्तर, बऱ्याच अंशी हो. म्हणजे हिस्टेरिया हा लक्ष देण्याच्या क्रियेतला बिघाड आहे, असं त्यांनी मांडलं. १८९६ मध्ये हा लेख 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात छापून आला. १८९८ मध्ये गर्ट्रूडचा स्वतंत्र लेख आला. बाविसाव्या वर्षी मानसशास्त्राच्या मोठ्या नियतकालिकात नाव! आज सीव्हीवर सगळ्यात वर आलं असतं.

मग शेवटचं वर्ष. पुढे काय?

गर्ट्रूडनं पुढे लिहिलंय की जेम्स सरांचा सल्ला साधारण असा होता: तत्त्वज्ञान करायचं तर गणित पक्कं हवं, तुझा कल तिकडे नाही. मानसशास्त्र करायचं तर वैद्यकीय शिक्षण घे, त्यानं सगळी दारं उघडतात. सल्ला वाईट नव्हता. सरांचा स्वतःचा रस्ता तसाच गेला होता. पण एक बारकी गोष्ट बघा. जेम्स मेडिकलला गेले १८६४ मध्ये. गर्ट्रूड निघाली १८९७ मध्ये. या तेहतीस वर्षांत मेडिकल कॉलेज ही चीजच बदलली होती.

आणि ज्या कॉलेजात ती निघाली, त्याची गोष्ट तर एक वेगळा एपिसोड होईल. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स. १८८९ मध्ये हॉस्पिटल उघडलं, पण मेडिकल कॉलेजला पैसे उरले नाहीत, कारण विद्यापीठाचा पैसा रेल्वेच्या शेअर्समध्ये होता आणि शेअर्स पडले. तेव्हा बायका पुढे आल्या. मेरी गॅरेट ही त्याच रेल्वे कंपनीच्या दिवंगत अध्यक्षांची मुलगी. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी पाच लाख डॉलर्सचा निधी उभा केला. त्यातले तीन लाखांहून जास्त तिचे एकटीचे. पण अट घातली: मुलींना मुलांच्याच अटींवर प्रवेश. आणि दुसरी अट: आधी पदवी पाहिजे, विज्ञान आणि फ्रेंच-जर्मन यायला पाहिजे. त्या काळात अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पदवीशिवाय मेडिकलला जाता यायचं. म्हणून विल्यम ऑस्लर सहकारी वेल्चना गमतीनं म्हणाल्याचं सांगतात की बरं झालं आपण प्राध्यापक म्हणून आत आलो, विद्यार्थी म्हणून आपल्याला कुणी घेतलं नसतं!

१८९३ मध्ये पहिली बॅच बसली. त्यात तीन मुली. इथं आपल्या आनंदीबाई जोशी आठवतात. त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, पण ते फक्त स्त्रियांचं कॉलेज होतं. सात वर्षांनी, ट्रेननं काही तासांच्या अंतरावर, मुलामुलींचा एकच वर्ग भरला. हा फरक किती मोठा होता हे लक्षात ठेवा. कारण तिथं जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या खांद्यावर 'बायकांना जमतं' हे सिद्ध करायचं ओझं होतं.

१८९७ मध्ये गर्ट्रूड तिथं दाखल झाली. रॅडक्लिफची तिची पदवी लॅटिनच्या परीक्षेत अडकली होती, ती १८९८ मध्ये सुटली. (हो, एवढी हुशार मुलगी आणि लॅटिनमध्ये नापास. असतं असं.)

पहिली दोन वर्षं छान गेली. ती प्रयोगशाळेची वर्षं होती. शरीररचनेचे प्राध्यापक फ्रँकलिन मॉल यांची पद्धत अशी की लेक्चर कमी, स्वतः बघा आणि शोधा. मेंदूचे पातळ काप, सूक्ष्मदर्शक, आणि कुठला तंतू कुठून कुठे जातो याचा माग. तिनं मेंदूच्या देठातल्या एका बारीकशा केंद्रकाचं वर्णन केलं आणि लुएलिस बार्कर यांनी मज्जासंस्थेवरच्या १८९९ च्या आपल्या ग्रंथात ते घेतलं.

मग तिसरं-चौथं वर्ष. वॉर्ड, रुग्ण, औषधं, बाळंतपणं. बाल्टिमोरच्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत घरोघरी जाऊन बाळंतपणं करायला विद्यार्थ्यांना पाठवत. गर्ट्रूडला त्या घरांतली माणसं, त्यांचं बोलणं, त्यांचं वागणं यात रस वाटला. पण प्रसूतिशास्त्राच्या विषयात नाही. ती सरळ कंटाळली. १९०१ मध्ये शेवटच्या वर्षाच्या काही विषयांत ती नापास झाली आणि पदवी मिळाली नाही. तिनं स्वतः सांगितलेली हकीगत अशी की उन्हाळ्यात थोडा अभ्यास करून विषय काढता आला असता. एका मैत्रिणीनं विनवलं, बायकांच्या चळवळीचा तरी विचार कर. गर्ट्रूडचं उत्तर असं की कंटाळा म्हणजे काय, हे तुला ठाऊक नाही.

इथं दोन बाजू आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. मैत्रिणीचं चुकलं नव्हतं. ती जागा पाच लाख डॉलर्स आणि अनेकींच्या धडपडीतून आली होती. एक मुलगी नापास झाली की 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' म्हणणारे तयारच असतात. पण ज्या कामात जीव नाही, ते आयुष्यभर दुसऱ्याच्या जिवावर करायचं का? डॉक्टरचा कंटाळा रुग्णाला महागात पडतो.

आता तुलना करायची तर फ्लॉरेन्स सेबिनशी करा. हीसुद्धा हॉपकिन्सची, गर्ट्रूडच्या एक वर्ष पुढे. फीसाठी आधी शिकवण्या करून पैसे साठवलेली. त्याच मॉल सरांच्या हाताखाली, मेंदूच्या त्याच भागावर काम. १९०१ मध्ये, म्हणजे गर्ट्रूड ज्या वर्षी बाहेर पडली त्याच वर्षी, सेबिनचा मेंदूच्या देठाचा अॅटलास प्रसिद्ध झाला. १९१७ मध्ये ती हॉपकिन्सची पहिली महिला पूर्ण प्राध्यापक झाली. १९२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेली पहिली स्त्री. म्हणजे कॉलेज वाईट नव्हतं. एकीचा प्रश्न होता 'हा तंतू कुठे जातो?' आणि त्याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली होतं. दुसरीचा प्रश्न होता 'हा माणूस असा का आहे?' त्याचं उत्तर त्या कापात दिसत नव्हतं.

आणि हॉपकिन्समध्ये या दुसऱ्या प्रश्नासाठी खोलीच नव्हती. तिथं मनोविकारांसाठी खास क्लिनिक उघडलं १९१३ मध्ये, अॅडॉल्फ मायर यांच्या देखरेखीखाली. म्हणजे जेम्स सरांनी ज्या रस्त्याकडे बोट दाखवलं होतं, तो गर्ट्रूड चालत होती तेव्हा अर्धाच बांधलेला होता.

उलट दिशेचा प्रवास बघायचा तर आपल्याकडे कलकत्त्यात आहे. म्युन्स्टरबर्गच्याच हाताखाली हार्वर्डला शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग उभा केला. तिथं गिरींद्रशेखर बोस आले. ते १९१० मध्ये डॉक्टर झाले होते, प्रॅक्टिस चालू होती. तरी पुन्हा विद्यार्थी होऊन १९१७ मध्ये मानसशास्त्राची एम.ए. केली, १९२१ मध्ये डॉक्टरेट, आणि १९२२ मध्ये भारतातली मनोविश्लेषणाची पहिली संस्था स्थापन केली. गर्ट्रूड प्रयोगशाळेतून वॉर्डात गेली आणि अडकली. बोस वॉर्डातून प्रयोगशाळेत गेले आणि त्यांना वाट सापडली.

गर्ट्रूडचं पुढे काय झालं? १९०३ मध्ये ती पॅरिसला भावाकडे राहायला गेली. १९०९ मध्ये तिचं 'थ्री लाइव्ह्ज' आलं. त्यातल्या एका कथेत बाल्टिमोरच्या त्या वस्त्या आहेत. कृष्णवर्णीय माणसांचं तिचं चित्रण नितळ नाही, त्यावर टीका झाली आहे आणि ती रास्त आहे. पण बोलण्यातून माणसाचं मन कसं वळतं, हे टिपायचा प्रयत्न त्यात आहे. प्रश्न तोच राहिला, हत्यार बदललं. आणि १९३४ मध्ये बी. एफ. स्किनर यांनी तिचे जुने प्रयोग शोधून काढले आणि लेख लिहिला, की बाईंचं अवघड लेखन म्हणजे तेच आपोआप लिहिणं आहे! तिनं ते मानलं नाही.

तर शेवटच्या वर्षात असलेल्या मित्रमैत्रिणींनो, यातून 'कॉलेज सोडा, पॅरिसला जा' असा अर्थ कृपया काढू नका. पॅरिसला जायला तिच्याकडे घरचं उत्पन्न होतं, ते सगळ्यांकडे नसतं. मी एवढंच सुचवेन. फॉर्म भरण्याआधी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाकडे बघू नका, शेवटच्या वर्षाकडे बघा. तिथं रोज सकाळी उठून नक्की काय करायचं असतं? आणि तुमचा प्रश्न कुठला आहे, तंतूचा की माणसाचा? दोन्ही मोठे आहेत. पण त्यांचे वर्ग वेगळ्या इमारतीत भरतात. सर सल्ला देतात तेव्हा ऐका जरूर, फक्त विचारून घ्या, "सर, तुम्ही गेलात ते कुठल्या साली?"

तुमचा प्रश्न कुठला, ते कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, स्वतःची आणि मनाचीही.