नावातला आकडा

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून १९६८ आहे. त्या काळी खेड्यापाड्यांत गुरुजी निम्म्या वर्गाला १ जूनच लावीत, त्यामुळे तिचं मला कधी नवल वाटलं नाही. अब्बांनी मात्र माझं आणखी एक नाव ठेवलं होतं, तारखी नाव. त्यातल्या अक्षरांची बेरीज १३९० येते. हे हिजरी साल म्हणजे १९७०-७१. दाखला मला दोन वर्षांनी थोरला करतो; खरं साल अब्बांच्या अक्षरांत आहे.

या मोजणीला अबजद म्हणतात. अरबी लिपीतल्या २८ अक्षरांच्या किमती ठरलेल्या आहेत. अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४ असं ९ पर्यंत. पुढची नऊ अक्षरं १० ते ९०, त्यापुढची १०० ते ९००, आणि शेवटी गैन १०००. ट्रकवर, रिक्षावर दिसणारा ७८६ ही ‘बिस्मिल्लाह’च्या पूर्ण वाक्याची बेरीज. मीर अम्मन यांनी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात लिहिलेलं ‘बाग-ओ-बहार’ घ्या. बागचे १००३, मधल्या वावचे ६, बहारचे २०८. एकूण १२१७ हिजरी, म्हणजे १८०२-०३. ग्रंथाच्या नावातच त्याचं साल! एकाच आकड्याचे कितीतरी शब्द होऊ शकतात, म्हणून तर हे काम कवीकडे यायचं.

संगणकाला एवढी मोकळीक परवडत नाही. तिथे एका आकड्याला एकच नाव लागतं. एक्सेलच्या तक्त्यात पहिला रकाना ए, सव्विसावा झेड, सत्ताविसावा एए. २००७ च्या एक्सेलपासून १६,३८४ रकाने आहेत आणि शेवटचा एक्सएफडी. आमच्या रनाळ्यातला शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. आकडा दिला की असं नाव मिळावं, असा प्रोग्रॅम त्यानं लिहिला. संगणकात ‘ए’चा क्रमांक ६५. त्यानं आकड्याला २६ नं भागून बाकी ६४ मध्ये मिळवली. २५ पर्यंत सगळं सुरळीत. २६ ला बाकी शून्य आली, आणि ६४ वर बसलंय ईमेलच्या पत्त्यातलं ‘ॲट’चं चिन्ह.

“चाचा, झेड गेला कुठे?”

उपाय सोपा होता. भागण्याआधी एक वजा करायचा. दुखणं शून्याचं होतं. ए ते झेडमध्ये शून्याला अक्षरच नाही. अबजदमध्येही नाही, पण तिथे नुसती बेरीज असते, शून्यावाचून अडत नाही. आपल्याकडच्या कटपयादी पद्धतीत मात्र शून्य आहे. क, ट, प, य हे चौघेही १, तिथून पुढे क्रमानं मोजायचं. न आणि ञ शून्य. आणि आकडा उजवीकडून वाचायचा. कर्नाटक संगीतात मेचकल्याणी पासष्टावा मेळ, कारण म ५ आणि च ६. रनाळेमध्ये र २, न ०, ळ ९, म्हणजे ९०२. उर्दूत लिहून अबजदनं मोजलं तर तेच गाव २९१ होतं.

हे ऐकून पोरानं अबजदचाही प्रोग्रॅम केला आणि माझं तारखी नाव घातलं. उत्तर आलं १३७०. एका झटक्यात मी वीस हिजरी वर्षांनी म्हातारा! मग लक्षात आलं, माझ्या नावात गाफ आहे. अरबीत ते अक्षर नाही, म्हणून त्यानं त्याला किंमतच दिली नव्हती. उर्दूत गाफला काफचेच २० धरतात. ते घातले आणि १३९० आले.