बिघडलेल्या सुराचा इतिहास

व्हॉल्व्हचा रेडिओ आमच्या पिढीतील पुष्कळांना आठवत असेल. बटण फिरवले म्हणून आवाज लगेच येत नसे. आधी मागच्या छिद्रांतून नारिंगी उजेड दिसे, लाकडी पेटी जराशी तापे आणि मग कुठे निवेदकाचा स्वर हळूहळू वर येई. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि ती पेटी माळ्यावर गेली. जगाने असा व्हॉल्व्हचा निरोप घेतला, तरी एका वर्गाने त्याला घट्ट धरून ठेवले. तो वर्ग म्हणजे विद्युत् गिटार वाजवणारे कलावंत. त्यांचा हा हट्ट वरवर तंत्राचा विषय वाटतो. आम्हांला तो अभिरुचीच्या इतिहासातील एक प्रकरण वाटतो. अभियंते ज्याला दोष म्हणत होते, त्यालाच वादकांनी सूर ठरवले, अशी ही हकीकत आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन निघतात आणि धनाग्राकडे झेपावतात. वाटेत एक बारीक जाळी त्यांना अडवते वा सोडते. ही जाळी अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास बसवली. गिटारच्या तारेचा क्षीण विद्युत्-संदेश जाळीवर सोडला की तो अनेक पटींनी मोठा होऊन बाहेर पडतो. मात्र प्रत्येक व्हॉल्व्हला मर्यादा असते. तिच्या पलीकडे त्याला ढकलले, तर लहरींची शिखरे कापली जातात आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर उमटू लागतात. व्हॉल्व्हमध्ये ही काटछाट बहुधा गोलाई राखून होते, साध्या ट्रान्झिस्टरमध्ये एकाएकी. म्हणूनच एकाचा बिघाड कानाला ऊबदार लागतो, दुसऱ्याचा करकरीत. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून मुद्दाम जवारी काढतात. तिची गुंजन ज्याच्या कानात आहे, त्याला ही आवड फारशी परकी वाटू नये.

कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांना ती खचितच परकी होती. मूळचे रेडिओ-दुरुस्तीचे व्यावसायिक, स्वतः गिटार न वाजवणारे. स्वच्छ आवाज हेच त्यांचे ध्येय. वादकांनी मात्र त्यांच्या यंत्रांची बटणे टोकापर्यंत फिरवली. १९५८ साली लिंक रे याने 'रंबल' या वादनासाठी स्पीकरच्या कागदी पडद्याला भोके पाडली. १९६४ साली इंग्लंडमध्ये 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिस याने आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरचा पडदा चक्क पात्याने चिरला. हे दोघे वात्रट होते असे कोणी म्हणेल. त्यांना हवा असलेला स्वर बाजारात विकत मिळत नव्हता, हेही तितकेच खरे.

तो विकत मिळू लागला लंडनच्या पश्चिमेकडील हॅनवेल या उपनगरात. जिम मार्शल हे ड्रम शिकवणारे गृहस्थ. बालपणाची कित्येक वर्षे हाडांच्या क्षयामुळे प्लॅस्टरमध्ये काढलेली. १९६० साली त्यांनी वाद्यांचे दुकान थाटले. तेथे येणारे तरुण गिटारवादक फेंडरच्या 'बेसमन'सारखा आवाज मागत, आणि आयात केलेले अमेरिकन यंत्र फार महाग पडे. तेव्हा दुकानातील दुरुस्तीतज्ज्ञ केन ब्रान व डडली क्रेव्हन हा तरुण तंत्रज्ञ यांनी १९६२ साली बेसमनची नक्कल उतरवली. नक्कल हुबेहूब साधली नाही आणि येथेच इतिहासाने वळण घेतले. सुटे भाग इंग्लंडमध्ये मिळतील ते, पहिल्या टप्प्यातील व्हॉल्व्ह अधिक जोरकस, आणि मागून उघड्या पेटीतल्या चार दहा इंची स्पीकरांच्या जागी बंद पेटीत सेलेस्चनचे चार बारा इंची स्पीकर. 'जेटीएम ४५' असे नाव पडलेले हे यंत्र मूळ यंत्रापेक्षा लवकर गुरगुरू लागे.

१९६६ साली जॉन मेयल यांच्या 'ब्लूजब्रेकर्स'सोबत ध्वनिमुद्रण करताना एरिक क्लॅप्टन याने हे यंत्र स्टुडिओतही मैफलीइतक्याच मोठ्या आवाजात वाजवण्याचा आग्रह धरला. माप ओलांडलेल्या आवाजाला बिचकणारे तंत्रज्ञ एकीकडे आणि बटण खाली आणायला तयार नसलेला एकवीस वर्षांचा वादक दुसरीकडे! ती तबकडी निघाली आणि बिघाड प्रतिष्ठित झाला.

'द हू'च्या पीट टाउनशेंडला १९६५ मध्येच याहून मोठे काही हवे होते. त्याच्यासाठी शंभर वॅटचे यंत्र आले आणि आठ स्पीकरांची एकच पेटी. ती उचलता उचलता सहायक मेटाकुटीला आले, तेव्हा तिचे दोन भाग केले. एकावर एक ठेवलेल्या त्या दोन पेट्या पुढे सगळ्या रॉक-रंगमंचांचे चिन्ह बनल्या. त्यांच्यापुढे जिमी हेंड्रिक्स उभा राहिला. त्याचे पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स. हा योगायोग दुकानदार मार्शल यांना फार आवडे.

या जुन्या शंभर वॅटच्या यंत्रांशी ज्यांची गाठ पडली, त्यांचा अनुभव बहुतेक एकच आहे. बटण निम्म्याच्या अलीकडे असेपर्यंत आवाज नुसता वाढत जातो. पुढे तो फारसा वाढत नाही, दाट होत जातो. हळुवार छेडले तर स्वच्छ, जोराने छेडले तर खरखरीत. गिटारवरील लहानसे बटण किंचित मागे घेतले की यंत्र पुन्हा शांत. दोन वाहिन्या आखूड वायरीने जोडल्या की स्वर आणखी भरतो. एकाच वर्षी बनलेली दोन यंत्रेही सारखी बोलत नाहीत, कारण आतील भागांची मापे थोडी इकडेतिकडे असत. हे सारे अनुभवायचे तर खिडक्यांची तावदाने हादरतील एवढा आवाज सोसावा लागे. घरात वाजवावे तरी कसे?

याचे उत्तर कॅलिफोर्नियात मिळाले. रँडल स्मिथ याने गमतीखातर फेंडरच्या छोट्याशा 'प्रिन्स्टन' पेटीत बेसमनसारखी यंत्रणा कोंबली. ती वाजवून कार्लोस सँटाना याने जो आश्चर्योद्गार काढला, त्यातूनच 'बूगी' हे नाव आले. पुढे स्मिथने व्हॉल्व्हच्या टप्प्यांची साखळी वाढवली: एकाने दुसऱ्याला ओसंडायला लावायचे आणि अखेरचा आवाज वेगळ्या बटणाने आवरायचा. 'हाय-गेन' म्हणतात ते हेच. मार्शलनेही १९७५ साली असे बटण बसवले. १९८१ च्या 'जेसीएम ८००'ने आणि १९८७ च्या सोल्डानो यांच्या 'एसएलओ १००'ने पुढच्या पिढीचा कान घडवला.

दंतकथाही वाढल्या. एडी व्हॅन हेलन याने १९७८ च्या पहिल्या तबकडीवर जुना शंभर वॅटचा मार्शलच वापरला. आपण यंत्राला जादा व्होल्टेज देतो, असे त्याने मुलाखतीत सांगून टाकले. प्रत्यक्षात तो ते नव्वद व्होल्टच्या आसपास उतरवत असे. ऐकणाऱ्यांनी विश्वासाने आपापली यंत्रे जाळली. ही थट्टा आम्हांला निर्दोष वाटत नाही. अशा पेटीत चारशेहून अधिक व्होल्ट खेळत असतात आणि बटण बंद केल्यावरही काही काळ साठून राहतात.

ट्रान्झिस्टरच्या युगात पाश्चात्त्य देशांतील व्हॉल्व्हचे मोठे कारखाने एकेक करून बंद पडले. आज गिटारवादकांची गरज मुख्यतः रशियातील साराटोव्ह, स्लोव्हाकिया आणि चीन येथील मोजके कारखाने भागवतात. मार्च २०२२ मध्ये युक्रेन-युद्धाच्या पार्श्वभूमीवर रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा जगभरच्या वादकांनी घाबरून दुकाने रिकामी केली.

किंमत कानांनीही मोजली. टाउनशेंड आपल्या श्रवणदोषाविषयी अनेक वर्षे उघडपणे बोलत आला आहे. २०१८ च्या जानेवारीत, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, क्लॅप्टनने रेडिओवर सांगितले की आपल्याला ऐकू कमी येऊ लागले आहे आणि कानांत सतत नाद घुमतो. त्याच जुन्या मार्शलचा स्वर आता संगणकीय यंत्रे बरीचशी हुबेहूब काढतात, आणि मुले तो कानाला हेडफोन लावून, शेजाऱ्याला न कळता ऐकतात. बटण किती फिरवायचे, हे तेथेही त्यांच्याच हाती असते.