दौलताबाद पाणवठा प्रकरण (१९३४)

दौलताबाद पाणवठा प्रकरण : तत्कालीन हैदराबाद संस्थानात, दौलताबाद किल्ल्याच्या दरवाजाबाहेरील तळ्यावर १९३४ मध्ये डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या सहलमंडळातील काहींनी तोंड व पाय धुतल्यावरून उद्भवलेला प्रसंग. अस्पृश्यांना सार्वजनिक पाण्यापासून दूर ठेवण्याची रूढी गावापुरती किंवा देवळापुरती मर्यादित नव्हती. लोक हौसेने पाहायला जात त्या स्थळांवरही ती लागू होती आणि धर्माची सीमा ओलांडून पाळली जात होती, याचा हा सुस्पष्ट दाखला आहे. अमेरिकेतील व दक्षिण आफ्रिकेतील समुद्रकिनारे विसाव्या शतकात वर्णानुसार वाटले गेले होते. त्या इतिहासाशी ताडून पाहता येईल असे मराठवाड्यातील उदाहरण म्हणूनही या प्रसंगाचे महत्त्व आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मराठवाडा हा सहलीचा प्रदेश म्हणून नावारूपाला येत होता. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा सिकंदराबादला जाणारा हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरमापी मार्ग १९००च्या सुमारास सुरू झाल्यामुळे वेरूळ व दौलताबाद ही स्थळे मुंबईकरांच्या आवाक्यात आली. संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापून त्याची सूत्रे गुलाम यझदानी यांच्याकडे दिली, आणि अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची डागडुजी, त्यांची चित्रे व माहिती प्रसिद्ध करणे, पाहुण्यांची सोय लावणे ही कामे मोठ्या आस्थेने होऊ लागली. या स्मारकांचा निजाम सरकारला अभिमान होता आणि तो रास्तही होता. तथापि स्मारक पाहण्याची मुभा आणि तेथील पाणी वापरण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी ठरू शकतात, याचा विचार झालेला दिसत नाही. पाण्याचा प्रश्न रूढीवर सोडलेला होता.

प्रसंगाचा तपशील आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या इंग्रजी आत्मपर लेखनात आला आहे. दलित चळवळीतील सुमारे तीस कार्यकर्त्यांनी आंबेडकरांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्याचे ठरवले, आणि नाशिकला एकत्र जमून मंडळी औरंगाबादच्या रोखाने निघाली. संस्थानी मुलखात अस्पृश्य म्हणून ओळख पटल्यास अडचण येईल, हे जाणून त्यांनी शक्यतो अनोळखी राहून प्रवास करण्याचे योजले होते. दौलताबादला मात्र तेथील अस्पृश्य वस्तीला ही वार्ता आधीच लागली होती. वस्तीतील लोक वाटेत चहापाण्यासाठी थांबण्याचा आग्रह करू लागले. पण दिवस मावळण्याआधी किल्ला पाहून व्हावा म्हणून मंडळींनी परतीच्या वेळी चहा घेण्याचे कबूल केले आणि मोटार पुढे काढली. महिना रमजानचा होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेले एक लहानसे तळे होते आणि त्याच्या भोवती रुंद दगडी फरसबंदी होती. प्रवासाच्या धुळीने तोंड, अंग, कपडे माखलेल्या काही जणांनी त्या फरसबंदीवर तोंड व पाय धुतले आणि सर्व जण दरवाजापाशी आले.

दरवाजावर हत्यारबंद शिपाई होते. आत जाण्याच्या परवानगीविषयी त्यांच्याशी बोलणे चालू असतानाच पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान मागून ओरडत आला आणि ढेडांनी तळे बाटवले असा आरोप करू लागला. (ढेड हा त्या भागात महारांसाठी तुच्छतेने वापरला जाणारा शब्द होय.) पाहता पाहता आसपासचे तरुण जमले. स्थानिक अस्पृश्य माजले आहेत, त्यांना धडा शिकवला पाहिजे, अशी भाषा सुरू झाली. आपण बाहेरगावचे आहोत, येथील रिवाज आपल्याला ठाऊक नव्हता, असे सहलमंडळाने सांगताच जमावाचा राग गावातल्या अस्पृश्यांवर वळला, कारण त्यांनी पाहुण्यांना बजावायला हवे होते असे जमावाचे म्हणणे पडले. अखेर आंबेडकरांनी जमावाला विचारले, की हाच तुमचा धर्म आहे काय, आणि एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या तळ्याचे पाणी घेऊ देणार नाही काय? या प्रश्नाला उत्तर आले नाही, पण जमाव काहीसा नरमला. मग पहारेकऱ्याने निवाडा दिला : मंडळींना किल्ल्यात जाता येईल, मात्र आत कोठेही पाण्याला हात लावता येणार नाही. ते तसे करीत नाहीत ना, हे पाहण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई त्यांच्याबरोबर देण्यात आला.

या प्रसंगाचा अर्थ लावताना अभ्यासकांचा भर बहुधा एका निष्कर्षावर असतो. जो हिंदूंना अस्पृश्य आहे तो मुसलमानांनाही अस्पृश्य ठरतो, असे स्वतः आंबेडकरांनी या प्रकरणावरून दाखवले आहे. हा निष्कर्ष खरा असला तरी शिपायाची नेमणूक ही त्याहून अधिक बोलकी बाब आहे. तळ्यावर आरडाओरडा करणारा जमाव रूढीच्या बाजूने बोलत होता. पण सरकारी पगारावरचा हत्यारबंद माणूस पाण्यावर नजर ठेवण्यासाठी पाठवला गेला, त्या क्षणी रूढीला राजसत्तेचे बळ मिळाले. तसा लेखी हुकूम दाखवण्याची गरज कोणाला भासली नाही. शिवाय प्रवेश सरसकट नाकारला गेला नव्हता. तटबंदी, भुयारी अंधारी वाट, मिनार हे सारे पाहण्यास मोकळे होते. बंदी होती ती केवळ घामाघूम माणसाला गडावर ज्याची सर्वात आधी गरज भासते त्या वस्तूवर.

ज्या काळात हे घडले त्या काळात शेजारच्या मुंबई इलाख्यातील कायदेशीर परिस्थिती वेगळी होती. सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला, आणि सार्वजनिक खर्चाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असे धोरण त्यातून ठरले. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. तो कागदावरच राहिल्याने २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह झाला. परतणाऱ्या सत्याग्रहींना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि पुढे दहा वर्षे दावा चालला. तळ्यावर केवळ स्पृश्यांचा हक्क असल्याची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दौलताबादचा प्रसंग घडला तेव्हा हा दावा चालूच होता. म्हणजे इलाख्यात ज्या हक्कासाठी निदान कोर्टात उभे राहता येत होते, त्या हक्काचे नावही संस्थानच्या हद्दीत घेता येत नव्हते, कारण बोले ठरावाचा अंमल निजामी मुलखावर नव्हता.

हद्दीचा हा मुद्दा नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सहज लक्षात येतो. हिमायतनगर (जुने नाव वाढोणा) हे मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील गाव पूर्वी हदगाव तालुक्यात मोडत असे, आता ते स्वतंत्र तालुक्याचे ठाणे आहे. त्याच्या उत्तरेकडून वाहणारी पैनगंगा ही अलीकडे निजामी मराठवाडा आणि पलीकडे ब्रिटिशांच्या कारभाराखालील वऱ्हाड यांची सीमा होती. (वऱ्हाड नावाने निजामाचे असले तरी १८५३ पासून त्याचा कारभार इंग्रजांकडे होता.) एकाच नदीच्या दोन काठांवर दोन सरकारे होती, मात्र माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते ही समजूत दोन्ही काठांवर सारखीच होती. आज याच नदीवरील इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा पाहायला पावसाळ्यात दोन्ही काठांवरून लोंढे येतात आणि कातळावर सगळे एकत्र भिजतात, त्यांतील फार थोड्यांना या जुन्या वाटणीची कल्पना असेल.

मराठवाड्यातील खेड्यांत पाणवठ्याची वाटणी करण्याच्या रीती ठरलेल्या होत्या. वाहत्या नदीवर स्पृश्यांनी प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि महार-मांगांनी खालच्या अंगाला पाणी भरावयाचे. उन्हाळ्यात धार आटली की वाळूत झिरे खणले जात. वाळू उपसून केलेल्या या खळग्यांत पाझरून आलेले पाणी वाटीने भांड्यात घेतात. हे झिरेही वस्तीनुसार निरनिराळे असत. आड किंवा बारव असेल तेथे अस्पृश्य स्त्रियांनी घागरी घेऊन दूर ताटकळत उभे राहावे, कोणी दयावान बाई आली तर तिने वरून पाणी ओतावे, नाही तर रिकाम्या घागरीने परतावे, असा रोजचा क्रम होता. पायऱ्यांची बारव याबाबतीत आडापेक्षा कडक ठरे, कारण तेथे माणूस स्वतः पाण्यापर्यंत उतरतो. दौलताबादच्या तळ्याचेही तसेच होते. फरसबंदीवरून पाण्यापर्यंत थेट पोहोचता येत होते, म्हणूनच तेथे पाय धुणे हा अपराध ठरला.

वंशभेदावर आधारलेली बंदी आणि जातिभेदावर आधारलेली बंदी यांची तुलना करताना मुंबईचे उदाहरण उपयोगी पडते. समुद्राला लागून असलेला ब्रीच कँडी येथील पोहण्याचा तलाव १८७६ मध्ये स्थापन झालेल्या न्यासाचा असून तो युरोपीयांसाठी राखीव होता, आणि स्वातंत्र्यानंतरही काही काळ ती स्थिती टिकून होती. या तलावाचा आकार अखंड हिंदुस्थानच्या नकाशासारखा असावा हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल. तेथे अडवला जाणारा हिंदी गृहस्थ आपल्या गावच्या विहिरीवर दुसऱ्याला अडवणारा असू शकत होता. अशा बंदीचा मुंबईतील सुशिक्षित वर्गाला मनस्वी राग येई. त्या रागातील किती वाटा पाणवठ्यांच्या प्रश्नाला मिळाला, हे महाडच्या घटनांवरून ताडता येते.

अमेरिकेत बंदीची साधने निराळी होती. शिकागो येथे मिशिगन सरोवराच्या किनाऱ्यावर गोऱ्यांचे व काळ्यांचे पाणी वेगळे मानले जाई, पण तसा कायदा नव्हता. २७ जुलै १९१९ रोजी यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यावरून तरंगत ही न दिसणारी रेषा ओलांडून गेला, त्याच्यावर दगडफेक झाली, तो बुडून मेला, आणि त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मारली गेली. कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे विला व चार्ल्स ब्रूस या कृष्णवर्णीय दांपत्याने १९१२ पासून चालवलेले किनाऱ्यावरील विश्रामस्थान नगरपालिकेने उद्यानाच्या नावाखाली १९२४ मध्ये भूसंपादनाची कारवाई करून काढून घेतले. ती जमीन त्यांच्या वारसांना परत मिळायला २०२२ साल उजाडले. दक्षिण आफ्रिकेत तर १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक सोयी वंशवार वेगळ्या ठेवण्यास मुभा दिली आणि त्या समान दर्जाच्या असण्याचीही गरज नाही असे स्पष्ट केले. डर्बनच्या किनाऱ्यावर गोरे, हिंदी व आफ्रिकी यांच्यासाठी वेगवेगळे पट्टे पाट्या लावून आखले गेले. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. शिकागोची न दिसणारी रेषा सोडली तर या देशांत जमिनीची मालकी, नगरपालिकेचा ठराव किंवा पाटी यांतून बंदी व्यक्त होई. त्यामुळे ठराव फिरवता आला, पाटी काढता आली. दौलताबादला काढण्याजोगी पाटीच नव्हती.

प्रसंगानंतर संस्थानातील अस्पृश्यांच्या चळवळीला हळूहळू आकार आला. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मकरणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेला आंबेडकर उपस्थित होते, आणि मराठवाड्यातील दलित जागृतीत तिचे स्थान मोठे आहे. पाण्याच्या हक्काला कायद्याचा आधार मात्र सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपल्यावरच मिळाला. हरिजनांच्या सामाजिक असमर्थता दूर करणारे विनियम १३५८ फसली (फसली ही संस्थानातील महसुली कालगणना, हे साल इसवी १९४८-४९ होय) या वर्षी लागू झाले. मुंबई प्रांतातील तशा स्वरूपाचा कायदा १९४६ चा होता. २६ जानेवारी १९५० पासून भारतीय राज्यघटना अंमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्याबरोबरच करमणुकीच्या आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा, म्हणजे लोक सर्रास जातात-येतात त्या जागा, नावानिशी आल्या आहेत. सहलस्थळ आणि पाणवठा यांचा एकाच वाक्यात झालेला हा उल्लेख वाचताना दौलताबादचा दरवाजा आठवणे स्वाभाविक आहे, मात्र या तरतुदीचा उगम त्या एका प्रसंगात शोधणे योग्य होणार नाही. महाडसह कितीतरी ठिकाणचा अनुभव तिच्यामागे आहे.

कायद्यानंतरही गावोगावचे पाणवठे वेगळेच राहिले होते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यासह महाराष्ट्रभर पाण्याचे दुर्भिक्ष्य असताना बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेतली आणि गावांची पाहणी करून वेगळ्या विहिरींचे वास्तव लोकांपुढे मांडले. अस्पृश्यता गुन्हे अधिनियम, १९५५ या कायद्यात १९७६ मध्ये दुरुस्ती होऊन तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. नदी, ओढा, झरा, विहीर, तलाव किंवा स्नानघाट वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा त्याखाली गुन्हा आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, १९८९ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने या जातिजमातींच्या व्यक्तींना पाणवठा, नळ वा घाट वापरू न देणे हा स्वतंत्र अत्याचार म्हणून नोंदवला गेला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही पुस्तिका लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० मध्ये छापली आणि महाराष्ट्र शासनाच्या आंबेडकर ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात तिचा समावेश आहे.