आळे-जुन्नर परिसर : शिक्षण आणि सामाजिक न्याय

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील आळे हे गाव रेड्याच्या समाधीसाठी प्रसिद्ध आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले, तो रेडा भावंडांबरोबर आळंदीकडे येताना इथे गतप्राण झाला, अशी परंपरा आहे. विद्येवर हक्क कोणाचा, हाच या कथेचा गाभा. एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न याच तालुक्यात अगदी रोकडा झाला. एकीकडे भटजींची पोथी, दुसरीकडे सावकाराचे कर्जखत.

खतात काय लिहिले आहे हे न कळताच कुणबी त्याखाली नांगराची निशाणी करी. 1875 च्या दख्खनच्या दंग्यांत पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांचा रोख म्हणूनच प्रामुख्याने या कागदांवर होता. पुढे 1879 च्या कायद्याने खते सरकारी निबंधकासमोर लिहिण्याची सक्ती झाली. हा इलाज निरक्षरता गृहीत धरणारा. जोतीराव फुले यांनी मुळालाच हात घातला. सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिकतात मात्र वरचे वर्ग, असे शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला 1882 मध्ये सांगून त्यांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले; शिक्षकही शक्यतो शेतकरी वर्गातलेच असावेत, असा त्यांचा आग्रह होता.

आळ्याच्या शेजारचे ओतूर तेव्हा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ठाणे होते. तिथे भटजींशिवाय लग्ने लागली, तेव्हा दक्षिणा बुडाली म्हणून प्रकरण कोर्टात गेले. वाचता येणाऱ्या कोणालाही भटजींशिवाय विधी करता यावेत म्हणून 1887 मध्ये फुल्यांनी मराठी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिकाच काढली. शिक्षणाचा इतका थेट वापर क्वचितच आढळतो. विरोध भटजींपुरता नव्हता: 1884 च्या सुमारास जुन्नरच्या कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायचेही नाकारले होते.

सक्तीच्या शिक्षणाची फुल्यांची मागणी केंद्रीय कायद्याने अमलात यायला 1 एप्रिल 2010 उजाडले.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, महादेव कोळी वस्त्यांत, कागदाचे महत्त्व आजही तेवढेच आहे. हा भाग अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने तेथे ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा ‘पेसा’ कायदा लागू आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार वनजमिनीवरील हक्काच्या दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे असते. या समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात, आणि पुरावा म्हणून गावातल्या जाणत्यांचे म्हणणेही चालते; मात्र ते लेखी हवे.