सेल्डनचे पेटंट: ‘इंजिन’ म्हणजे कोणते इंजिन?

जानेवारी १९११. न्यूयॉर्कच्या फेडरल अपील न्यायालयाने जॉर्ज सेल्डनचे मोटारगाडीचे पेटंट वैध ठरवले आणि त्याच निकालाने ते निरुपयोगीही करून टाकले.

सेल्डन हा रॉचेस्टरचा पेटंट-वकील. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात त्याने जॉर्ज ब्रेटनचे अवजड इंजिन पाहिले. ते हलके करून गाडीला जोडता येईल, या कल्पनेवर त्याने ८ मे १८७९ रोजी अर्ज केला. गाडी मात्र बांधली नाही.

तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात पेटंटची १७ वर्षे मंजुरीपासून मोजली जात, आणि पेटंट कार्यालयाच्या प्रत्येक आक्षेपाला उत्तर देण्यास २ वर्षांची मुभा असे. वकीलसाहेबांनी ती पुरेपूर वापरली. दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या करीत अर्ज १६ वर्षे जिवंत ठेवला. ५ नोव्हेंबर १८९५ रोजी पेटंट मिळाले, तोवर इतरांच्या गाड्या रस्त्यावर धावू लागल्या होत्या. यात बेकायदा काहीच नव्हते. गोम तिथेच होती.

१९०३ मध्ये पेटंटच्या आधारे उत्पादकांचा संघ उभा राहिला. गाडीच्या किमतीवर सव्वा टक्का स्वामित्वशुल्क ठरले. हेन्री फोर्डने ते नाकारले, आणि दावा दाखल झाला. सप्टेंबर १९०९ मध्ये न्यायाधीश हफ यांनी फोर्डविरुद्ध कौल दिला. मॉडेल टी बाजारात येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. गिऱ्हाइकाने बिचकू नये म्हणून फोर्डने खरेदीबरोबर हमीपत्र देऊ केले.

अपिलात न्यायमूर्ती नॉयस यांनी मुळालाच हात घातला. ब्रेटनच्या इंजिनात इंधन स्थिर दाबाखाली हळूहळू जळते. ऑटोच्या इंजिनात दाबलेल्या मिश्रणाचा सिलिंडरमध्येच स्फोट होतो. सेल्डनने जे रेखाटले ते ब्रेटनच्या जातीचे. फोर्डसह बहुतेक उत्पादक वापरत होते ते ऑटोच्या जातीचे. इंजिन, क्लच आणि सांगाडा यांची नुसती जुळणी म्हणजे साऱ्या मोटारगाड्यांवरची मालकी नव्हे. पेटंट ब्रेटनच्या जातीपुरतेच, म्हणून उल्लंघन नाही. सेल्डनने त्या वेळी ऑटोची वाट निवडली असती तर चित्र वेगळे दिसले असते, हेही न्यायालयाने नोंदवले.

मुदत १९१२ मध्ये संपणारच होती. संघाने सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढण्याचे टाळले.

खटल्यात पुरावा म्हणून सेल्डनच्या आराखड्याबरहुकूम गाडी बांधून घेतली होती, पेटंट मिळाल्यानंतर कितीतरी वर्षांनी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत साल रंगवले होते: १८७७.